कन्व्हर्टर खराब झाला, हे इंजिनचा संगणक कशावरून ठरवतो?

लॅम्बडा (धागाकर्ता)

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४२० हा कोड निघाला आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधील विषारी वायू साफ करणारा डबा) बदलण्याचा सल्ला मिळाला, आता काय करावे, अशा अर्थाचे प्रश्न या विभागात सतत येत असतात. कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली आहे, असा या कोडचा अर्थ असल्यामुळे संगणकाने धूर तपासला, त्यात विषारी वायू जास्त सापडले आणि मगच निकाल दिला, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात सर्वसाधारण पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड किंवा न जळलेले हायड्रोकार्बन मोजणारे कोणतेही उपकरण नसते. कन्व्हर्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर, एवढाच पुरावा संगणकापुढे असतो आणि बाकी सारे अनुमान असते. हे अनुमान कसे बांधले जाते, त्यासाठी संगणक आधी सेन्सरांचीच परीक्षा का घेतो आणि ती साखळी कुठे तुटू शकते, हे एकदा सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. विवेचन पेट्रोल इंजिनापुरतेच आहे.

सुरुवात सेन्सरपासून करावी लागते. नॅरोबँड सेन्सरमध्ये झिर्कोनियम डायऑक्साइड या सिरॅमिकची एका टोकाला बंद असलेली छोटी नळी असते. तिच्या आत बाहेरची हवा आणि बाहेरून एक्झॉस्टचा वायू असतो, आणि दोन्ही पृष्ठभागांवर प्लॅटिनमचा सच्छिद्र थर दिलेला असतो. हे सिरॅमिक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापले, की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधील तफावतीनुसार व्होल्टेज तयार होते. मिश्रणात पेट्रोल जादा असेल, म्हणजे ते रिच असेल, तर सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट मिळतात; हवा जादा असेल, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या नेमक्या प्रमाणाजवळ व्होल्टेज इतक्या झपाट्याने बदलते, की हा सेन्सर मिश्रण कोणत्या बाजूला आहे ते खात्रीने सांगतो, पण किती दूर आहे ते सांगू शकत नाही. त्यासाठी वाइडबँड सेन्सर आला. त्यात ऑक्सिजन आत-बाहेर ढकलणारा एक जादा कक्ष असतो आणि समतोल राखण्यासाठी त्या कक्षाला किती व कोणत्या दिशेने विद्युतप्रवाह द्यावा लागतो, त्यावरून मिश्रणाचे प्रमाण कळते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड आणि मागचा नॅरोबँड अशी जोडी असते.

पुढच्या सेन्सरची पहिली परीक्षा त्याच्या हीटरची असते. संगणक हीटरमधून जाणारा प्रवाह पाहतो आणि बऱ्याच गाड्यांत सेन्सरच्या अंतर्गत रोधावरून त्याचे तापमानही काढतो. थंड इंजिन सुरू होताच हीटर पूर्ण जोराने चालवला जात नाही, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. नळीत साठलेल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडला तर ते तडकते, म्हणून नळी कोरडी होईपर्यंत संगणक हात आखडता ठेवतो. ही परीक्षा नापास झाली तर पी०१३५ हा कोड येतो आणि बहुतेक वेळा पुढच्या चाचण्या तिथेच थांबतात.

दुसरी परीक्षा चपळाईची. नॅरोबँड सेन्सर असलेले इंजिन ठरावीक वेगाने चालू असताना संगणक पेट्रोल थोडे वाढवतो, सेन्सर रिच दाखवतो, मग संगणक पेट्रोल कमी करतो, सेन्सर लीन दाखवतो आणि ही ये-जा अखंड चालू राहते. या काळात संगणक ठरावीक अवधीत किती वेळा पलट झाली, खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जायला किती वेळ लागला आणि वरून खाली यायला किती, हे मोजून त्यांची सरासरी काढतो. दोन्ही दिशांचा वेळ स्वतंत्र मोजण्याला सबळ कारण आहे. समजा, रिचकडून लीनकडे जाताना सेन्सर रेंगाळतो आणि उलट दिशेने मात्र झटकन सरकतो. मग मिश्रण लीन झाल्यावरही संगणकाला काही काळ रिचच दिसत राहते, तो पेट्रोल कमी करतच राहतो आणि सरासरी मिश्रण हळूच लीनकडे झुकते. व्होल्टेजचा पल्ला पूर्ण असतो, आलेख वरवर निरोगी दिसतो आणि नायट्रोजन ऑक्साइड मात्र वाढत जातात. म्हणून ०.१ ते ०.९ मिळाले म्हणजे सेन्सर चांगला, हा निकष मला अपुरा वाटतो. संथपणाचा कोड पी०१३३.

वाइडबँड सेन्सरच्या बाबतीत अशी नैसर्गिक ये-जा पुरेशी नसते. तेथे संगणक स्वतःहून पेट्रोलच्या मात्रेत ठरावीक लयीत बारीक चढउतार घालतो आणि त्यातला किती भाग सेन्सरच्या संकेतात उमटला व किती उशिरा उमटला, ते तपासतो.

आता मागचा सेन्सर, आणि या विषयातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे. कन्व्हर्टर निरोगी असेल तर मागच्या सेन्सरची रेषा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट राहते. पण सेन्सर निकामी होऊन एका जागी अडकला तरी रेषा सपाटच राहणार. म्हणजे मागचा सेन्सर मेला, तर कन्व्हर्टर उत्तम असल्याचा खोटा अहवाल मिळेल. हे टाळण्यासाठी संगणक संधी साधतो ती तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्याची. उतारावर गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला, की इंजेक्टर बंद होतात आणि इंजिनातून केवळ हवा वाहू लागते. त्या वेळी स्कॅनरवर पाहिले तर पुढचा सेन्सर लगेच लीनच्या टोकाला जातो, मागचा क्षणभर ०.७ च्या आसपास रेंगाळतो आणि मग कोसळल्यासारखा ०.१ च्या खाली येतो. हा उतार ठरावीक वेळेत आणि पुरेशा वेगाने झाला पाहिजे, नाहीतर पी०१३९. पेट्रोल पुन्हा सुरू झाल्यावर कन्व्हर्टरमध्ये भरलेला ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी संगणक मुद्दाम थोडे रिच मिश्रण देतो आणि त्या वेळी मागची रेषा वर चढते का, तेही पाहतो.

दोन्ही सेन्सर पास झाले, तरच कन्व्हर्टरची पाळी येते. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू असतात, हे सर्वांना ठाऊक असते. सिरियम ऑक्साइडचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. मिश्रण लीन असताना हा पदार्थ ऑक्सिजन साठवतो आणि रिच असताना सोडतो. पुरवठा कमीजास्त झाला तरी नळाला सारखी धार देणारी पाण्याची टाकी जे काम करते, तेच हे. नायट्रोजन ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घेणे आणि कार्बन मोनॉक्साइडला तो पुरवणे ही परस्परविरुद्ध कामे एकाच डब्यात होतात, ती मुख्यतः या साठ्याच्या जोरावर. संगणक मोजतो तो हा साठा. अतिउष्णतेने धातूंचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पृष्ठफळ घटते, तशीच सिरियमची साठवणक्षमताही घटते, म्हणून एकीवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो.

मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत संगणक इंजिनात काही ढवळाढवळ करीत नाही. पुढचा सेन्सर किती वेळा पलटला आणि मागचा किती वेळा, किंवा दोन्ही रेषांचे चढउतार किती मोठे, यांचे गुणोत्तर काढतो. निरोगी कन्व्हर्टरला हे गुणोत्तर शून्याजवळ असते आणि साठा संपत गेला की मागची रेषा पुढचीची नक्कल करू लागून ते एककडे सरकते.

दुसऱ्या रीतीत संगणक मुद्दाम मिश्रण रिच करून साठा रिकामा करतो, मग ते ठरावीक प्रमाणात लीन करतो आणि मागचा सेन्सर पलटेपर्यंत घड्याळ लावतो. उदाहरणादाखल आकडे घेऊ. इंजिन सेकंदाला २० ग्रॅम हवा घेत आहे आणि मिश्रण ५ टक्के लीन आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ०.९५ ग्रॅम हवा जादा जाते आणि तिच्यात वजनाने २३ टक्के ऑक्सिजन धरला तर ०.२२ ग्रॅम ऑक्सिजन जादा. मागचा सेन्सर ४ सेकंदांनी पलटला तर कन्व्हर्टरने सुमारे ०.८८ ग्रॅम ऑक्सिजन सामावला, आणि एका सेकंदातच पलटला तर जेमतेम ०.२२ ग्रॅम. या वेळेतून वायूला नळीतून पोहोचायला लागणारा अवधी वजा करावा लागतो. पण यात हवेचे माप एअर फ्लो सेन्सरचे आहे आणि लीनपणाचे माप पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचे. त्यांपैकी एक जरी चुकीचे सांगत असेल, तरी शिक्षा कन्व्हर्टरला होते.

अवजारपेटी

अतिशय उपयुक्त मांडणी. एक शंका विचारतो. पी०४२० आल्यावर फक्त मागचा सेन्सर बदलला आणि दिवा गेला, असे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. वर दिलेल्या विवेचनाशी हे कसे जुळवायचे?

लॅम्बडा

त्यांचा अनुभव खरा असतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. सेन्सर बदलताना कोड पुसला जातो. कोड पुसला की त्याबरोबर सर्व चाचण्यांचे जमा झालेले निकालही पुसले जातात आणि संगणक कोऱ्या पाटीने सुरुवात करतो. कन्व्हर्टरची चाचणी साधारणतः एका प्रवासात एकदाच होते, तीही सर्व अटी जुळल्या तरच. शिवाय बहुतेक दोषांना दोन प्रवासांचा नियम लागू असतो. पहिल्या वेळी नापास झाल्यास कोड प्रलंबित म्हणून नोंदला जातो आणि लगतच्या प्रवासात पुन्हा नापास झाल्यावरच दिवा लागतो. काही गाड्या तर जुन्या निकालांना वजन देऊन सरासरी चालवतात. त्यामुळे दिवा परत यायला बराच काळ जातो आणि तोवर गाडी दुरुस्त झाली असे वाटते.

दुसरे असे, की सेन्सर जुना होतो तेव्हा तो संथ होतो. संथ झालेला मागचा सेन्सर कन्व्हर्टरमधून निसटलेले चढउतार गिळून टाकतो, म्हणजे खराब कन्व्हर्टर झाकतो. चांगल्या कन्व्हर्टरला खराब ठरवायचे तर मागच्या सेन्सरला नसलेले चढउतार दाखवावे लागतील, आणि वार्धक्याने असे सहसा होत नाही. उलट, नवा चपळ सेन्सर बसवल्यावर आजवर न आलेला पी०४२० येणे तर्कसंगत आहे.

वळणवाट

नसलेले चढउतार येण्याचा एक मार्ग मी पाहिला आहे, तो येथे नोंदवतो. परिचितांच्या गाडीला पी०४२० येत होता आणि कन्व्हर्टर बदलण्याची तयारी झाली होती. थंड इंजिन सुरू करताच खालून टक्-टक् असा आवाज येई आणि इंजिन तापल्यावर तो नाहीसा होई. गाडी वर उचलून पाहिली, तेव्हा कन्व्हर्टर आणि मागचा सेन्सर यांच्यामधल्या फ्लँजच्या सांध्यावर काजळीचा काळा पट्टा दिसला. गॅस्केट जळाले होते. ते बदलल्यावर मागची रेषा सपाट झाली आणि पुढे अनेक महिने कन्व्हर्टरची चाचणी पास होत राहिली. गळती म्हणजे आतला वायू बाहेर येणार, मग सेन्सरला हवा कशी दिसते, हे मला त्या वेळी कोणी समजावले नव्हते.

लॅम्बडा

एक्झॉस्टचा दाब सलग नसतो. प्रत्येक सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडताना दाबाची लाट जाते आणि तिच्यामागून क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते. लाटांच्या लयीत हवेचे घोट आत येत राहिल्याने मागचा सेन्सर हेलकावू लागतो. हीच फट पुढच्या सेन्सरच्या अलीकडे असेल तर परिणाम वेगळा होतो. सेन्सर खोटे लीन दाखवतो, संगणक पेट्रोल वाढवतो आणि फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोलच्या मात्रेत करत असलेल्या दुरुस्तीचे, आकडे धन बाजूला सरकतात. म्हणून कन्व्हर्टरवर शिक्का मारण्याआधी ट्रिम पाहावेत, सांधे पाहावेत आणि मिसफायरची, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटल्याची, नोंद पाहावी, असा माझा आग्रह आहे. संगणक ज्या क्रमाने विश्वास ठेवत जातो, त्याच क्रमाने आपणही जावे.

मीटरगेज

माझ्या गाडीत कन्व्हर्टरची चाचणी अपूर्ण असेच स्कॅनर दाखवतो. गाडी रोज चालते, तरी ती पूर्ण का होत नाही?

लॅम्बडा

रोजचा प्रवास छोटा आणि थांबत-थांबत होणारा असेल, तर हे अपेक्षितच आहे. इंजिन पूर्ण तापलेले असावे, संगणकाच्या हिशेबाने कन्व्हर्टरही कामाच्या तापमानाला पोहोचलेला असावा, वेग आणि भार काही काळ स्थिर असावेत, पेट्रोलच्या टाकीतील वाफ इंजिनात ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह मोजमाप बिघडवत नसावा, आणि सेन्सर, मिसफायर किंवा इंधनपुरवठ्याचा कोणताही कोड प्रलंबित नसावा, अशा साधारण अटी असतात. नेमक्या मर्यादा प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने स्थिर चालवावे आणि अधूनमधून पाय पूर्ण काढून गाडीला गिअरमध्येच मंदावू द्यावे. म्हणजे मागच्या सेन्सरची परीक्षाही होऊन जाते. चाचणी अपूर्ण असणे हा दोष नव्हे. मात्र इंजिनातील मिसफायर आणि इंधनपुरवठा यांवरची देखरेख अशा संधीची वाट पाहत नाही, ती अखंड चालू असते.

सायलेन्सर

मागचा सेन्सर आणि नळी यांच्यामध्ये एक लांब आट्यांचा तुकडा बसवून सेन्सर थोडा बाहेर काढला, की कोड येत नाही, असे सांगितले जाते. इंजिनाला त्याने काही अपाय होतो का?

लॅम्बडा

मी याला स्पष्टपणे विरोध करतो. त्या तुकड्यामुळे सेन्सर वायूच्या प्रवाहाबाहेर जातो, त्याच्यापर्यंत बदल उशिरा व विरून पोहोचतात आणि रेषा सपाट दिसते. कन्व्हर्टर जसा होता तसाच राहतो आणि विषारी वायू बाहेर पडतच राहतात. अपायाचे विचाराल, तर मागचा सेन्सर केवळ पहारेकरी नसतो. पुढच्या सेन्सरमध्ये वयोमानाने येणारी बारीक चूक संगणक मागच्याच्या आधारे सुधारत असतो. त्याला प्रवाहाबाहेर काढणे म्हणजे ही सुधारणाही बिघडवणे. पी२०९६ आणि पी२०९७ हे कोड याच सुधारणेची मर्यादा संपल्याचे सांगतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कन्व्हर्टर आपोआप क्वचितच मरतो, त्याला कोणीतरी मारलेले असते. मिसफायर होत असेल तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते. दिवा स्थिर न राहता लुकलुकतो तो याच धोक्याची सूचना म्हणून, आणि तेव्हा लगेच ॲक्सिलरेटर सैल करावा. इंजिन ऑइल जाळत असेल तर त्यातील फॉस्फरसचा थर चढतो. सिलिकॉनयुक्त सीलंट चुकीचे वापरले तर त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरी पूड होऊन बसते. तुकडा बसवून कोड झाकला, तर यांतले मूळ कारण पुढेही काम करीत राहते.

तापमापी

इन्फ्रारेड थर्मामीटरने कन्व्हर्टरच्या दोन्ही टोकांचे तापमान घ्यावे, मागचे टोक अधिक गरम असेल तर तो काम करतो आहे, ही पद्धत मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे. ती अजिबातच टाकाऊ आहे, असे मला वाटत नाही.

लॅम्बडा

तिच्यामागचे रसायनशास्त्र बरोबर आहे, कारण कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन जळताना उष्णता निघतेच. पण मिश्रणावर काटेकोर नियंत्रण असलेल्या तापलेल्या इंजिनातून जळण्यासारखे इतके थोडे उरते, की उत्तम कन्व्हर्टरमध्येही ही वाढ लहान असते, आणि आपण आतले नव्हे तर पत्र्याचे तापमान घेत असतो. मागचे टोक फारच गरम निघाले, तर मी त्याचा अर्थ इंजिनातून जादा पेट्रोल येत आहे, असा घेईन. म्हणजे ती पद्धत इंजिनाविषयी काहीतरी सांगते, कन्व्हर्टर किती शिल्लक आहे हे नाही.

तापमापी

पत्र्याचा मुद्दा मान्य. मग किती शिल्लक आहे, हे कोड येण्यापूर्वी पाहण्याचा काही मार्ग आहे का? संगणक नापास कधी करतो, तेही कळले तर बरे होईल.

लॅम्बडा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीतच बसवलेली ही स्वतपासणीची व्यवस्था, सक्तीची झाली आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून तशीच व्यवस्था आली. त्यामागची कल्पना अशी, की उत्सर्जन मानकाच्या ठरावीक पट, अमेरिकी नियमांत पुष्कळ बाबतींत १.५ पट, होण्याच्या सुमारास दिवा लागावा. कंपन्या कन्व्हर्टर मुद्दाम भट्टीत किंवा इंजिनावर तापवून म्हातारे करतात, त्या स्थितीत प्रत्यक्ष उत्सर्जन मोजतात आणि तेव्हा ऑक्सिजनचा साठा किती उरला होता त्यावरून मर्यादा आखतात. साठा आणि सफाई ही सरळ प्रमाणात घटत नाहीत; साठा बराच कमी झाला तरी हायड्रोकार्बनची सफाई दीर्घकाळ चांगली राहते आणि मग एकदम ढासळते. त्यामुळे साठा निम्मा उरला म्हणजे कन्व्हर्टर निम्मा गेला, असे समजू नये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोड ०६, म्हणजे स्कॅनरमधला चाचण्यांचे निकाल दाखवणारा भाग. बऱ्याच साध्या स्कॅनरमध्येही तो असतो, पण आकडे दुर्बोध दिसत असल्याने फारसा कोणी उघडत नाही. त्यात प्रत्येक चाचणीचा शेवटचा निकाल आणि त्याची किमान किंवा कमाल मर्यादा असते. नव्या पद्धतीच्या, म्हणजे कॅन जोडणी (गाडीतील संगणकांना जोडणारे जाळे) असलेल्या गाड्यांत पहिल्या बँकेच्या, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेच्या, कन्व्हर्टरचा निकाल २१ या क्रमांकाखाली आणि त्याच बँकेच्या पुढच्या व मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे निकाल ०१ आणि ०२ खाली सापडतात. आकडा वाचण्यापूर्वी मर्यादा कोणत्या बाजूची आहे ते पाहावे. पलटींचे गुणोत्तर काढणाऱ्या गाडीत कमाल मर्यादा अर्थपूर्ण असते आणि आकडा जितका लहान तितके चांगले. ऑक्सिजनचा साठा मोजणाऱ्या गाडीत किमान मर्यादा असते आणि आकडा जितका मोठा तितके चांगले. एकाच नोंदीवरून काही ठरवू नये, कारण तापमान आणि वेगानुसार निकाल थोडा हलतो. दर सर्व्हिसिंगच्या वेळी कोड पुसण्यापूर्वी हे तीन आकडे मर्यादांसह वहीत उतरवून ठेवावेत. पुढे कधी कन्व्हर्टरचा आकडा मर्यादेकडे सावकाश सरकत आलेला दिसला तर ते वार्धक्य समजावे. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये एकदम उडी दिसली, तर त्या काळात झालेला मिसफायर, ऑइल जाळणे किंवा सांध्यातील गळती शोधावी आणि कन्व्हर्टरला हात लावण्याआधी ते दुरुस्त करून चाचणी पुन्हा होऊ द्यावी.